बाहेरची बॅटरी बसवायची आहे, गाडी स्टार्ट-स्टॉपवाली आहे, घेताना काय काय बघू?

राखाडी_हॅचबॅक

नमस्कार मंडळी, माझ्या पेट्रोल हॅचबॅकला स्टार्ट-स्टॉप आहे आणि गाडीबरोबर आलेली कंपनीची बॅटरी आता पाच वर्षांची झालीये. सिग्नलला इंजिन आपोआप बंद व्हायचं ते हल्ली होतच नाही, आणि आता सकाळी पहिला सेल्फ मारला की इंजिन जड जड फिरतं, डिस्प्ले क्षणभर अंधुक होतो आणि मग कशीबशी चालू होते. घरी मल्टिमीटर आहे म्हणून मोजलं. रात्रभर उभ्या गाडीत १२.३ व्होल्ट, सेल्फ मारताना खाली ८.९ पर्यंत जातं, इंजिन चालू झाल्यावर १४.२.

जुन्या बॅटरीवर जे छापलंय ते असं, ईएफबी (हा बॅटरीचा प्रकार), १२ व्होल्ट, ६० एएच (अँपिअर-तास, म्हणजे किती वीज मावते), ५६० ए ईएन (सेल्फ मारायची ताकद), एलएन२ (डब्याचं माप).

मला बाहेरची, म्हणजे गाडीच्या कंपनीची नसलेली, चांगल्या ब्रँडची घ्यायची आहे आणि जमलं तर स्वतःच बसवायची आहे. दुकानात तीन पर्याय सांगितले, एक साधी ६० एएच जी म्हणे सगळ्या गाड्यांना चालते, दुसरी ईएफबी ६० आणि तिसरी एजीएम (हा अजून एक प्रकार) ७० एएच पण ती लांबीला मोठी आहे. साधी टाकली तर चालेल का? ७० ची टाकली तर अल्टरनेटरवर (इंजिनवर फिरून बॅटरी भरतो तो) लोड येतो असं एकाने सांगितलं, खरं आहे का? आणि निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा काळा डबा आहे, त्यातून बारीक वायर गेलीये, तो काय प्रकार आहे आणि नवीन बॅटरीला तो लागतो का? बॅटरी काढली की गाडीच्या कॉम्प्युटरमधलं काही जातं का हीसुद्धा भीती आहे. जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

वायर_जोडून_बघा

आधी रीडिंगचं बोलू कारण तुम्ही मोजून आलात हे फार चांगलं केलंत, बरेच जण न मोजता बॅटरी बदलतात आणि दोष भलतीकडेच निघतो.

भरलेली बॅटरी काही तास शांत उभी असेल तर १२.६ ते १२.७ दाखवते, सहा सेल आणि प्रत्येकी साधारण २.१ व्होल्ट असा तो हिशोब. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या आसपास आली म्हणजे तळाला गेली. तुमची १२.३ म्हणजे अर्ध्यापेक्षा थोडी जास्त. चार्जिंग १४.२ आहे म्हणजे अल्टरनेटर काम करतोय, तिकडे संशय घ्यायचं कारण दिसत नाही. खरी गोष्ट सांगतोय तो ८.९ चा आकडा. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाणं हे बॅटरी अशक्त झाल्याचं लक्षण, पण एक अट आहे, ती बॅटरी त्या वेळी भरलेली हवी. अर्धी उतरलेली बॅटरी चांगली असली तरी खाली जाणारच. म्हणून नवीन घ्यायच्या आधी चार्जर लावून पूर्ण भरा, रात्रभर सोडा, सकाळी पुन्हा मोजा. भरूनही सकाळी १२.४ च्या खाली आली आणि सेल्फला पुन्हा ९.६ च्या खाली गेली तर तिला निरोप द्या. भरल्यावर १२.६ टिकवून धरत असेल आणि तरी आठवड्यात उतरत असेल, तर बॅटरी खाणारं काहीतरी गाडीत आहे, आणि नवीन टाकलीत तरी ते तिलाही खाईल.

अजून एक, मोजताना मीटरच्या पिना थेट पोस्टवर, म्हणजे बॅटरीवरच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवा, वायरच्या टोकाला असतो त्या क्लॅम्पवर नाही. मग एकदा पोस्टवर आणि एकदा क्लॅम्पवर असं सेल्फ मारत मोजून बघा. दोन्हीत अर्ध्या व्होल्टचा फरक दिसला तर गंज किंवा ढिला क्लॅम्प हाच गुन्हेगार आहे आणि बॅटरी बिचारी बरी आहे.

साधी_गाडी_बरी

भावा इतका विचार करू नकोस. स्टार्ट-स्टॉपचं बटण बंद करून टाक आणि साधी बॅटरी टाक. माझ्या ओळखीत कितीतरी जणांनी अशीच टाकलीये आणि व्यवस्थित चालतायत. ईएफबी वगैरेला उगाच जास्त पैसे कशाला. मुळात ती स्टार्ट-स्टॉप सिस्टीम कुणाला आवडते सांग.

मीटर_लावून_बघते

बटण बंद केलं की प्रश्न संपला असं वाटतं पण तसं नाहीये, आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे म्हणून जरा लांब लिहिते.

स्टार्ट-स्टॉपवाल्या गाड्यांमध्ये चार्जिंगची पद्धतच वेगळी असते. जुन्या गाडीत अल्टरनेटर सतत १४ च्या पुढे व्होल्टेज देत राहायचा आणि बॅटरी कायम काठोकाठ भरलेली असायची. या गाड्यांमध्ये कॉम्प्युटर मुद्दाम बॅटरी साधारण ऐंशी टक्क्यांच्या आसपास ठेवतो, कारण उतारावर किंवा ब्रेक मारताना फुकटात मिळणारी वीज साठवायला वरची जागा रिकामी हवी. गाडी वेग घेत असते तेव्हा अल्टरनेटर जवळपास सोडून दिलेला असतो, ॲक्सिलरेटर सोडला की जोरात चार्ज करतो. हे सगळं बटण बंद असलं तरी बहुतेक गाड्यांत चालूच राहतं, बटणाने फक्त सिग्नलला इंजिन बंद होणं थांबतं.

आता साध्या बॅटरीला अर्धवट भरलेलं राहणं सोसत नाही. आतलं जड ॲसिड हळूहळू तळाला बसतं, वर पातळ राहतं, आणि प्लेटच्या खालच्या भागावर सल्फेटचा कडक थर चढत जातो. पूर्ण चार्जिंगच्या वेळी जे बुडबुडे येतात त्यांनी ॲसिड ढवळलं जातं, पण इथे पूर्ण चार्जिंगच क्वचित होतं. ईएफबीमध्ये पॉझिटिव्ह प्लेटवर जाळीसारखं कापड असतं जे आतला माल गळू देत नाही आणि प्लेटच्या मिश्रणात कार्बन घातलेला असतो ज्याने ती पटकन चार्ज घेते. एजीएममध्ये तर ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलंच असतं, सांडत नाही आणि थरही बसत नाहीत. म्हणून नियम सोपा आहे, मूळ एजीएम असेल तर एजीएमच, मूळ ईएफबी असेल तर ईएफबी किंवा वरची एजीएम, खाली उतरायचं नाही. साधी टाकलीत तर गाडी चालू होईल, पहिले काही महिने काहीच कळणारही नाही, पण ती लवकर बसणार.

राखाडी, तुमचं स्टार्ट-स्टॉप आधीपासून बंद पडलंय ना, तो बिघाड नाहीये. बॅटरी अशक्त झाल्याचं गाडीला कळलं म्हणून तिने स्वतःच ते बंद ठेवलंय. ते कळतं कुठून, तर तुमच्या त्या काळ्या डब्यातून. त्याच्याबद्दल खाली लिहिते, आता कामावर आहे.

दहाचा_पाना

मी फक्त बसवण्याबद्दल लिहितो, केमिस्ट्री ताईंनी सांगितलीच आहे.

बॅटरी घेताना लोक एएच बघतात पण गाडीत ती बसणार की नाही हे तीन-चार भलत्याच गोष्टींवर ठरतं. पहिलं माप. एलएन२ म्हणजे लांबी २४२, रुंदी १७५, उंची १९० मिलिमीटर. तुमची ती ७० एएच एजीएम बहुतेक एलएन३ असणार, म्हणजे २७८ लांब, ३६ मिलिमीटरचा फरक. काही ट्रे असे असतात की त्यात दोन्ही मापांसाठी खाचा आणि बोल्टची भोकं असतात, तेव्हा मोठी आरामात बसते, पण तुमच्या ट्रेमध्ये तशी जागा आहे का हे टेप लावून बघितल्याशिवाय घेऊ नका. उंचीलाही विसरू नका कारण याच आकारात १७५ उंचीच्या बुटक्या बॅटऱ्याही येतात, आणि ज्या गाडीत बुटकी आहे तिथे १९० ची टाकली तर पॉझिटिव्हचा पोस्ट बॉनेटच्या पत्र्याच्या फार जवळ जातो. पत्रा टेकला तर काय होईल हे सांगायला नको. याउलट उंच जागी बुटकी टाकली तर पॉझिटिव्ह टर्मिनलवर बसणारा फ्यूजचा डबा हवेत लोंबकळतो आणि त्याचे पाय तुटतात.

दुसरं, पॉझिटिव्ह कुठल्या बाजूला आहे. बॅटरी अशी धरा की दोन्ही पोस्ट तुमच्या पोटाकडे आहेत, मग बघा प्लस उजवीकडे की डावीकडे. जुनीचा मोबाईलवर फोटो काढा आणि नवीन त्याच्याशी ताडून बघा, दुकानदाराच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका. उलटी बॅटरी घेतलीत तर वायर पोचत नाही, मग लोक बॅटरीच फिरवून ठेवतात किंवा वायर ताणून ओढतात, ती कुठेतरी पत्र्याला घासते आणि कातडी सोलली गेली की संपलं. आणि घाईत उलटे क्लॅम्प लागले तर मुख्य फ्यूज आणि अल्टरनेटरचे डायोड एका ठिणगीत जातात.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित, ती खाली धरून ठेवणारी पट्टी. युरोपियन मापाच्या बॅटरीला तळाशी बाहेर आलेली एक कड असते, त्या कडेवर लोखंडाचा तुकडा दाबून एका बोल्टने आवळतात. बाहेरच्या काही बॅटऱ्यांना ही कड वेगळ्या उंचीची असते, किंवा फक्त लांब बाजूला असते आणि तुमचा तुकडा आखूड बाजूला धरणारा असतो. मग बोल्ट पूर्ण आवळूनही बॅटरी हलत राहते. बसवून झाल्यावर दोन्ही हातांनी बॅटरी पुढे-मागे आणि बाजूला ढकलून बघा, बॅटरीच्या जोराने गाडी हलली पाहिजे, बॅटरी ट्रेमध्ये हलता कामा नये. खड्ड्यांच्या रस्त्यावर सैल बॅटरी आतल्या आत प्लेटा झिजवते, माल तळाला गळतो आणि एक सेल शॉर्ट होतो. वरून पट्टी टाकायची पद्धत असेल तर पट्टी फार जोरात आवळू नका, डबा फुगतो किंवा झाकण चिरतं. पट्टीऐवजी रबरी दोरी किंवा प्लास्टिकचा टाय लावून दिला असेल तर तशी गाडी ताब्यातच घेऊ नका.

आता क्रम. इंजिन बंद, चावी गाडीपासून लांब ठेवा, बॉनेट उघडा आणि वीसएक मिनिटं थांबा म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर झोपतात. हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा, हे मी अगदी मनापासून सांगतोय. डोळ्यांवर चष्मा असू द्या. मग आधी निगेटिव्ह काढायचा, नंतर पॉझिटिव्ह. लावताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. कारण असं की गाडीची अख्खी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते, तो आधी काढला की पॉझिटिव्ह सोडवताना पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही. उलट क्रमाने केलंत तर तोच पाना शेकडो अँपिअर घेऊन जागेवर वेल्ड होऊ शकतो. काढलेला निगेटिव्ह क्लॅम्प कापडात गुंडाळून बाजूला दाबून ठेवा, त्या वायरी स्प्रिंगसारख्या उडी मारून परत पोस्टवर येतात.

बॅटरी उचलताना सरळ उभी उचला, साधारण पंधरा किलो किंवा जास्त वजन असतं आणि ते हात लांब करून उचलायचं असतं म्हणून पाठ सांभाळा. ट्रेमध्ये पांढरी-हिरवी भुकटी असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्यावर टाका, फेस थांबेपर्यंत, मग पुसून कोरडं करा. क्लॅम्पच्या आतली बाजू तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा. क्लॅम्प पोस्टवर हातोडीने ठोकून बसवू नका, स्क्रू-ड्रायव्हरने तोंड जरासं फाकवा, पूर्ण खालपर्यंत बसू द्या आणि मग आवळा. शिसं मऊ असतं, हाताने हलत नाही इतपत पुरे. व्हॅसलीन लावायचं ते आवळून झाल्यावर वरून, आधी मध्ये नाही.

शेवटचं राहिलं, जुन्या बॅटरीभोवती जाड कापडाचं किंवा प्लास्टिकचं आवरण असेल तर ते फेकू नका, नव्यावर परत चढवा. इंजिनच्या उष्णतेपासून वाचवायला ते दिलेलं असतं.

साधी_गाडी_बरी

दहाचा पाना, भारी लिहिलंय. ताई, तुमचा तो ऐंशी टक्क्यांचा मुद्दा मला माहीत नव्हता, पटला. पण ७० एएचने अल्टरनेटरवर ताण येतो हे तर खरंच ना? सगळे मिस्त्री हेच सांगतात.

वायर_जोडून_बघा

सगळे सांगतात पण तसं होत नाही. अल्टरनेटर व्होल्टेज धरून ठेवतो, करंट किती घ्यायचा ते बॅटरी ठरवते, आणि बॅटरी तेवढंच परत घेते जेवढं तिच्यातून गेलंय. समजा सेल्फने २०० अँपिअर तीन सेकंद खाल्ले, तर ते होतात ६०० अँपिअर-सेकंद, म्हणजे ०.१७ एएच सुद्धा नाही. बॅटरी ६० ची असो की ७० ची, सेल्फने तेवढंच घेतलं आणि अल्टरनेटरला तेवढंच परत भरायचंय. फरक कुठे पडतो, तर बॅटरी पूर्ण उतरली तेव्हा. मोठी भरायला जास्त वेळ लागतो. पण पूर्ण उतरलेली बॅटरी अल्टरनेटरने भरूच नये, कुठल्याही मापाची असो, त्याला चार्जर लावावा.

त्यामुळे थोडी मोठी घ्यायला हरकत नाही, जागा आणि पट्टी जुळली तर. लहान मात्र घेऊ नये.

आणि आकडे ताडताना एक काळजी घ्या. तुमच्यावर ५६० ए ईएन लिहिलंय, म्हणजे थंडीत सेल्फ मारायची ताकद ईएन पद्धतीने मोजलेली. दुसऱ्या ब्रँडवर कदाचित एसएई किंवा जुना डीआयएन आकडा असेल. मोजमाप उणे १८ अंशालाच होतं पण किती सेकंद आणि किती व्होल्टपर्यंत हे वेगळं, म्हणून एकाच बॅटरीचे तीन वेगळे आकडे निघतात. डीआयएनचा आकडा सगळ्यात लहान दिसतो. दोन बॅटऱ्या ताडायच्या तर दोघींचा एकाच पद्धतीचा आकडा बघा. एएचचं तसं नाही, ते वीस तासांच्या हिशोबाने असतं, ६० एएच म्हणजे ३ अँपिअर वीस तास, १०.५ व्होल्ट येईपर्यंत.

मीटर_लावून_बघते

आता तो काळा डबा. तो बॅटरी सेन्सर आहे, बॅटरीत किती करंट गेला, किती आला, व्होल्टेज आणि तापमान असं सगळं मोजून गाडीला कळवतो. तो नव्या बॅटरीवर जसाच्या तसा परत लागतो, त्याशिवाय स्टार्ट-स्टॉप चालणार नाही आणि चार्जिंगही अंदाजपंचे होईल. काढताना मात्र स्क्रू-ड्रायव्हर खाली घालून उचकटू नका, आत नाजूक पट्टी असते, नट पूर्ण सैल करा आणि हाताने हलवत वर काढा.

याच्यावरून दोन गोष्टी. डॅशकॅम, हॉर्न, ॲम्प्लिफायर असलं काही बाहेरून लावलं असेल तर त्याची निगेटिव्ह वायर बॅटरीच्या पोस्टवर नको, बॉडीवर अर्थिंगच्या बोल्टला द्या. पोस्टवर दिलीत तर तो करंट सेन्सरला दिसतच नाही आणि गाडीचा हिशोब चुकत जातो. चार्जर लावताना आणि जंप स्टार्टलाही तेच, काळा चिमटा बॉडीच्या धातूला. ठिणगी बॅटरीपासून लांब पडते हा वेगळा फायदा, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

बॅटरी बदलल्याचं गाडीला सांगावं लागतं का, हे गाडीगणिक वेगळं आहे. बीएमडब्ल्यू, ऑडीसारख्या गाड्यांमध्ये स्कॅनर लावून नोंदणी करावी लागते, कारण बॅटरी जुनी होत जाते तसं गाडी चार्जिंग बदलत नेते, नवीन आल्याचं सांगितलं नाही तर ती नव्या बॅटरीलाही म्हाताऱ्या बॅटरीसारखंच वागवते. काही गाड्यांत नुसती रीसेट असते, काहींत गाडी रात्रभर लॉक करून ठेवली की सेन्सर स्वतः शिकतो. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बॅटरीचं पान उघडून बघा. ईएफबीच्या जागी ईएफबी आणि तेवढ्याच एएचची टाकलीत तर यात सगळ्यात कमी भानगड. एजीएम टाकलीत तर ज्या गाडीत बॅटरीचा प्रकार नोंदवलेला असतो तिथे तो बदलून घ्यावा लागेल. शिवाय तुमची बॅटरी बॉनेटखाली इंजिनला चिकटून असेल तर मी तरी ईएफबीच सुचवेन, एजीएम सीलबंद असते, जास्त उष्णतेने आणि जास्त चार्जिंगने तिच्यातलं पाणी एकदा गेलं की परत घालता येत नाही.

कॉम्प्युटरमधलं काय जातं तर घड्याळ, ट्रिप, खिडक्यांचं एका टचवर वर जाणं, कधी म्युझिक सिस्टीमचा कोड. कोड असेल तर तो हाताशी आहे ना हे बॅटरी काढायच्या आधी बघा. नंतर डॅशबोर्डवर स्टेअरिंगचा किंवा ट्रॅक्शनचा दिवा दिसला तर घाबरू नका, स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि थोडं चालवा, बहुतेक वेळा जातो. खिडकी पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरलं की टच परत शिकते. इंजिनचा आयडल थोडा वेळ वरखाली होईल, तोही आपोआप बसतो. आणि ज्यांची बॅटरी डिकीत आहे त्यांनी काम चालू असताना डिकी बंद करू नका, कुलूप विजेवर असतं, मग उघडणार कशी. डिकीतल्या किंवा सीटखालच्या बॅटरीला गॅस बाहेर नेणारी बारीक नळी असते, ती नव्या बॅटरीला लावायची राहून जाते. बाहेरच्या बॅटरीला दोन्ही बाजूंना भोक असतं, एका भोकात बूच, दुसऱ्यात नळी. बूच चुकीच्या बाजूला असेल तर बदलून घ्या.

रिव्हर्स_गिअर

मध्येच विचारतो, माफ करा. माझी गाडी जुनी जपानी आहे, बॅटरीवर ५५बी२४एल लिहिलंय. दुकानात म्हणाले ५५बी२४एलएस आहे, एकच आहे, घेऊन जा. एकच आहे का?

दहाचा_पाना

एकच नाहीये, थांबा. त्या नंबरात ५५ म्हणजे ताकदीचा दर्जा, बी म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २४ म्हणजे साधारण २४ सेंटिमीटर लांबी, एल म्हणजे पोस्ट कुठल्या बाजूला. शेवटी एस आला की जाड पोस्ट, एस नसेल तर बारीक. बारीक पॉझिटिव्ह १४.७ मिलिमीटर असतो, जाड १७.५. तुमचे क्लॅम्प बारीक पोस्टचे असतील तर जाडावर ते खाली उतरणारच नाहीत, मग कुणीतरी पोस्ट कानशीने घासून देतो, ते करू देऊ नका. उलट केस असेल, जाड क्लॅम्प आणि बारीक पोस्ट, तर शिशाच्या टोप्या मिळतात त्या घालायच्या. पत्र्याचा तुकडा किंवा खिळा घुसवून क्लॅम्प आवळला तर संपर्क एका रेघेवरच होतो, तिथे गरम होतं आणि सेल्फ मारताना टक टक आवाज येतो. तुम्ही नुसता एलच मागा, शेवटचं अक्षर बघून.

राखाडी_हॅचबॅक

सगळ्यांचे खूप आभार, इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. अपडेट देतो. चार्जरने पूर्ण भरली, रात्रभर सोडली, सकाळी १२.३५ आणि सेल्फला ९.१. म्हणजे बॅटरीच गेली होती. पोस्ट आणि क्लॅम्पमध्ये फरक काही नव्हता.

ट्रे मोजला तर एलएन३ बसत नाही, पुढे एअर फिल्टरचा पाइप येतो, म्हणून ईएफबी ६० एएचच घेतली, दुसऱ्या ब्रँडची. दुकानातच मीटर लावलं, पहिली जी काढून दिली ती १२.३८ दाखवत होती आणि तारखेचा शिक्काही जुना होता म्हणून दुसरी मागितली, ती १२.६४ निघाली. तिच्यावरचा तो हिरवा डोळा मात्र दोन्हीत हिरवाच होता, हे कसं काय?

बसवायला काही अडचण आली नाही. तळाची कड नव्या बॅटरीला सलग नाहीये, तुकड्या-तुकड्यांची आहे, पण धरणारा लोखंडी तुकडा नेमका एका तुकड्यावर येतो, आणि हलवून बघितलं तर गाडी हलते बॅटरी हलत नाही. रात्रभर लॉक करून ठेवली, दुसऱ्या दिवशी थोडं चालवल्यावर स्टार्ट-स्टॉप परत सुरू झालं.

आता एकच शंका. चार्जिंग बघावं म्हणून सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर घेतला, तो चालवताना कधी १४.५ दाखवतो, कधी १२.८, मधेच १५ च्या जवळ. आधी १४.२ स्थिर असायचं. अल्टरनेटर बिघडला का?

वायर_जोडून_बघा

हिरवा डोळा म्हणजे एका सेलमध्ये बसवलेला छोटा तरंगणारा मणी, तो त्याच एका सेलच्या ॲसिडचा घट्टपणा सांगतो. बाकी पाच सेलबद्दल त्याला काही माहीत नसतं, आणि पासष्ट-सत्तर टक्के भरलेली असली तरी तो हिरवाच दिसू शकतो. तुम्ही मीटर लावून दुसरी मागितलीत हे उत्तम केलंत, दुकानात पडून राहिलेली बॅटरी स्वतःहून उतरत जाते आणि उतरलेल्या अवस्थेत जितकी राहते तितका सल्फेट चढतो.

अल्टरनेटर ठीक आहे. हीच ती ताईंनी सांगितलेली पद्धत, आता बॅटरी निरोगी आहे म्हणून गाडी ती वापरायला लागलीये. जुनी अशक्त होती तेव्हा गाडी तिला सतत भरत बसायची, म्हणून १४.२ स्थिर दिसायचं. खात्री करायची तर हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर आणि एसीचा पंखा फुल लावून बघा, बऱ्याच गाड्यांत मग व्होल्टेज वर जाऊन टिकून राहतं. इंजिन चालू, सगळा लोड चालू आणि तरी पाच-दहा मिनिटं १२.५ च्या खालीच राहिलं, किंवा डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा आला, तर अल्टरनेटरकडे वळा. आणि ते बघण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीचा टर्मिनल काढायची जुनी युक्ती कुणी सांगितली तर हात जोडून नाही म्हणा, त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळतं आणि कॉम्प्युटर जातो.

मीटर_लावून_बघते

त्यात एवढंच घालते की गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर झोपेतला करंट एकदा मोजून घ्या, मीटर निगेटिव्ह वायरच्या मध्ये लावून, सगळी दारं लॉक, आणि अर्धा तास थांबून. अर्धा तास यासाठी की आधीचे आकडे कॉम्प्युटर जागे असतानाचे असतात. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. तेवढाही दिवसाला १.२ एएच खातो, म्हणजे ६० ची बॅटरी तीन-साडेतीन आठवड्यांत अर्धी. मीटर मध्ये असताना सेल्फ मारू नका किंवा दार उघडून दिवे लावू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

दहाचा_पाना

आणि जुनी बॅटरी घरात ठेवू नका, नवीन घेतली तिथेच परत द्या. तिच्यातलं शिसं जवळपास सगळंच वितळवून पुन्हा नव्या बॅटरीत जातं, पण कोपऱ्यात पडली आणि डबा चिरला तर ॲसिड आणि शिसं दोन्ही जमिनीत. नेताना डिकीत उभी ठेवा, प्लसच्या पोस्टवर ती नव्या बॅटरीबरोबर आलेली प्लास्टिकची टोपी घाला, शेजारी पाने-पकडी पडलेल्या असतील तर बाजूला काढा.

राखाडी_हॅचबॅक

टोपी घातली, उद्या देऊन येतो. हेडलाइट आणि मागचा हीटर लावल्यावर १४.४ वर जाऊन थांबलं. झोपेतला करंट रविवारी मोजतो आणि इथेच लिहितो.